कौसाकाकूंच्या तोंडी घातलेले वाक्य

ज्या एका वाक्यावर प्रेक्षक सर्वांत मोठ्याने हसतात, ते वाक्य मुळात कोणाचे, हे मी आजवर कोणालाही खरे सांगितलेले नाही. पतींना नाही, मुलीला नाही; ज्या तरुण मंडळींनी माझ्याकडून तो लघुपट लिहून घेतला, त्यांना तर नाहीच. कोणी विचारले नाही असे नव्हे. पुष्कळांनी विचारले, आणि प्रत्येक वेळी मी उत्तरही दिले. तेच तर सांगायचे आहे.

कोठून सुरुवात करावी, कळत नाही. लघुपटापासून करते, ते सोपे आहे.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. आवाज लहान. शेवटच्या बाकापर्यंत तो कधी पोहोचला नाही, आणि पोहोचावा म्हणून मीही कधी धडपडले नाही. बैठकांमधले माझे मत घरी परतताना, रिक्षात तयार होई. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडली आणि रविवारी भरणाऱ्या एका पटकथा-वर्गाला जाऊ लागले. सगळी मुले माझ्या मुलीहून लहान. तिथे पहिल्यांदाच कोणीतरी माझे लिहिलेले मोठ्याने वाचले आणि माणसे हसली. उपहासाने नव्हे — लिहिलेल्यावर हसली. ज्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही त्याला हे काय वाटते, ते मी कसे सांगू?

लघुपटाचे नाव ‘खोली दाखवा’. आफ्रिकेतून आपल्या शहरात शिकायला आलेला एक विद्यार्थी भाड्याची खोली शोधतो, एवढीच गोष्ट. पहिला घरमालक त्याला पाहताच आपल्या मुलाला धावण्याच्या शर्यतीसाठी तयार करण्याची गळ घालतो. दुसरा कानठळ्या बसतील अशा इंग्रजीत एकेक शब्द सुटा करून बोलतो, आणि हा त्याला मराठीत सांगतो, ‘काका, हळू बोला, मला ऐकू येतं.’ कोपऱ्यावरचा दुकानदार न मागता गोरे करणाऱ्या मलमाचे सर्वांत मोठे पाकीट पुढे सरकवतो. वर सूटही देतो. सोसायटीचे सचिव म्हणतात, ‘आमच्याकडे भेदभाव अजिबात नाही, फक्त नियम आहे.’ मुद्दा असा की वेडे तो नाही, वेडे आपण. वर्णाविषयीच्या आपल्या समजुतींना हसायला लावणारा म्हणून त्या लघुपटाचे कौतुक झाले, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

शेवटचे दार एका बाईचे आहे. नऊवारी, कपाळावर गोंदण, मांडीवर सूप, निवडायला घेतलेली ज्वारी. ती त्या मुलाकडे खालून वर बघते आणि शेजारणीला ओरडून सांगते, ‘अगं बया! ह्याचा रंग धुवायचा म्हणलं तर रोज टँकर मागवावा लागंल की!’

इथे सभागृह कोसळते.

बाहेरच्या वाचकाला एवढे सांगायला हवे की आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आठवडा जातो, कधी त्याहून अधिक. प्रत्येक अंगणात निळे ड्रम असतात. भाडेकरू ठरवताना माणूस किती, यापेक्षा तो पाणी किती वापरेल याची चौकशी आधी होते. म्हणून ते वाक्य आमच्या शहरात इतके बसले. बाईच्या मनातला वर्णद्वेष आणि आमची पाणीटंचाई एकाच माळेत ओवली गेली, असे एका परीक्षकांनी म्हटले. मी मान खाली घालून ऐकले. लोकांना तो विनय वाटला.

पारितोषिकाच्या वेळी निवेदिकेने मंचावर विचारले, ‘मॅडम, टँकरचं ते वाक्य कसं सुचलं हो?’

मी म्हणाले, ‘सुचले नाही. आमच्या समोर राहणाऱ्या एका बाईंच्या तोंडून ऐकलेले आहे.’

टाळ्या पडल्या. आता ऐका.

हर्सूलच्या बाजूला आमचे घर आहे. समोर कौसाकाकूंचे. त्यांचे माहेर देवगाव रंगारीच्या शिवारातले. वडिलांची मेंढरे होती, भावांची अजून आहेत. यजमान वाळूजच्या कारखान्यात होते, ते गेले. आता मुलगा प्रकाश तिकडेच पाळीवर जातो. काकू दुपारभर उंबऱ्यात बसतात, आणि गल्लीतून जाणारा कोणीही त्यांच्या चौकशीतून सुटत नाही. मी गेली कित्येक वर्षे त्यांना ‘काकू’ म्हणते, त्या मला ‘मॅडम’ म्हणतात. माझी वनस्पतींची पुस्तके पाहून एकदा म्हणाल्या होत्या, ‘एवढं वाचून तुमाला मेथी निवडता येत नाय, मॅडम.’ ते खरे होते.

काही वर्षांपूर्वी माझे पती बदलीवर नांदेडला होते. मुलगी पुण्यात. वरची खोली रिकामी; फाटकावर पाटी लावली होती. एका दुपारी एक उंच, सडपातळ मुलगा फाटकाशी उभा राहिला. सुदानचा होता, विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकत होता, नाव इद्रिस. अर्थात, हे सारे मला मागाहून कळले. त्या वेळी मी काहीच विचारले नाही. त्याने पाटीकडे बोट केले आणि हसला. समोर काकू उंबऱ्यात होत्या.

आता तुम्ही ओळखले असेल.

संकोची माणसाविषयी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तो चारचौघांत बोलत नाही याचा अर्थ त्याच्याजवळ बोलण्यासारखे काही नसते, असा नव्हे. धारदार, हुशारीची, दुसऱ्याला लागतील अशी वाक्ये त्याच्या आत रांगेने उभी असतात. ज्याला भाषा कळत नाही असा माणूस समोर आला, की त्यातले एखादे सुटते. मला वाटले, याला काय कळणार? मी त्याच्याशी एक शब्दही न बोलता, त्याच्या डोक्यावरून, रस्त्यापलीकडे म्हणाले —

‘काकू, हा रंग धुवायचा म्हणजे रोज टँकरच मागवावा लागेल.’

शुद्ध मराठीत. प्रत्येक अक्षर स्वच्छ. त्या दिवशी माझा आवाज रस्त्याच्या पलीकडे पोहोचला.

तो माझ्याकडे वळला. रागावला नाही. हिशेबाची चूक दुरुस्त करावी तशा स्वरात म्हणाला, ‘नाही, मावशी. एक बादली पुरते.’

काकूंच्या हातातले सूप कलंडायचे राहिले. ‘आगं बया, ह्याला तं मराठी येतंय! कुठं शिकलास रं बाबा?’

‘भाजीमंडीत, मावशी.’

‘भाव करता येतो का मग?’

‘येतो. पण मला बघून आधीच वाढवून सांगतात.’

काकू खळखळून हसल्या. मी हसले नाही. तेव्हा तरी क्षमा मागता आली असती, नाही का? अजून सारे हातात होते. मी म्हणाले, ‘खोली गेली आहे.’

‘ओ मॅडम,’ काकू रस्त्यापलीकडून म्हणाल्या, ‘पाटी तं लटकलेलीच हाय की!’

‘काढायची राहिली.’

इद्रिसने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ‘बरं’ म्हणाला. काकू उठल्या. ‘चल बाबा. माझ्या मागल्या अंगाला खोली हाय. पत्र्याची हाय, उन्हाळ्यात लई तापती. आधीच सांगते, मागून कुरकुर नको.’

त्याला आत नेता नेता त्यांनी ते सगळे प्रश्न विचारले, जे लघुपटात मी निरनिराळ्या घरमालकांना वाटून दिले आहेत. तुमच्यात बायका किती करतात? केस असेच उगवतात की करून घेतोस? घराजवळ वाघ-सिंह येतात का? त्याने सांगितलेले मला अजून आठवते: ‘वाघ मी पहिल्यांदा तुमच्याच गावात बघितला मावशी. बागेत, पिंजऱ्यात.’ काकूंना कशाचेच ज्ञान नव्हते आणि विचारायची लाजही नव्हती. मला सगळे ज्ञान होते. मानवी त्वचेचा रंग कशाने ठरतो, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावू शकले असते. खोली त्यांनी दिली.

शिक्षण पुरे होईपर्यंत तो तिथेच राहिला. नळ आला की काकूंचे ड्रम तोच भरी. मी दिसले की ‘नमस्कार मॅडम’ म्हणे. मला मावशी त्याने पुन्हा कधी म्हटले नाही. पुढे तो आखाती देशात नोकरीला गेला.

पटकथा-वर्गात जेव्हा ‘स्वतः पाहिलेला एक प्रसंग लिहून आणा’ असे सांगितले गेले, तेव्हा मी हा प्रसंग नेला. का नेला? कदाचित कबूल करायचे असेल. आज खात्री देता येत नाही. एवढे मात्र खरे की पहिल्या खर्ड्यात दारातली बाई प्राध्यापिका होती. चष्मा, इस्त्रीची साडी, प्रमाण भाषा. वाचन झाले तेव्हा कोणी हसले नाही.

दिग्दर्शन करणारा अभय चांगला मुलगा आहे. तो म्हणाला, ‘मॅडम, हे अंगावर येतं. कॉमेडी राहत नाही. आणि खरं सांगू का, शिकलेली बाई असं बोलेल हे पटत पण नाही. गावाकडची बाई करा ना एखादी. लोक लोळतील.’

मी ‘बघते’ म्हणाले. घरी येऊन एका बैठकीत सगळे बदलले. चष्मा काढला, गोंदण दिले. इस्त्रीची साडी काढली, नऊवारी नेसवली. मांडीवर सूप ठेवले. वाक्यातला ‘लागेल’ काढून ‘लागंल की’ केला. शब्द तेच. पण तेच शब्द माझ्या भाषेत क्रूर वाटत होते आणि काकूंच्या बोलीत गमतीचे झाले. काळ्या माणसाविषयीच्या साचेबंद समजुतीची टर उडवायला मी दुसरी एक साचेबंद समजूत वापरली: अडाणी, खेड्यातली, तोंडाळ बाई. तिच्यावर कोणीही हसू शकते. प्राध्यापिकेवर हसायला प्रेक्षकांना स्वतःकडे पाहावे लागले असते. हे मला लिहितानाच दिसत होते. मी लिहीत राहिले, आणि — हेही सांगून टाकते — मजा येत होती.

लघुपट सगळ्यांच्या भ्रमणध्वनीवर गेला. गोंदण, सूप, उंबरा — गल्लीने ओळखायला वेळ लावला नाही. काकू दिसल्या की पोरे ओरडू लागली, ‘काकू, टँकर आला का?’ प्रकाशला कारखान्यात कोणीतरी तो दाखवला. ‘तुझी आई हिरॉइन झाली की रे!’ तो घरी येऊन आईवर चिडला. त्या पोराने आपले ड्रम भरले, आणि तू त्याला असे बोललीस?

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू माझ्याकडे आल्या. एरवी त्या दारातूनच बोलत. त्या दिवशी आत येऊन खुर्चीवर बसल्या. लघुपटाबद्दल राग धरला नव्हता. ‘माझ्यावाणीच केली बाई तुमी, झ्याक केली,’ म्हणाल्या. मग पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या.

‘एक इचारू का मॅडम? तुमीच होता तिथं, तिसरं कुणी नव्हतं. ते टँकरचं… मी म्हणले व्हते का ओ?’

मी टेबलावरची पुस्तके नीट रचू लागले.

‘मला तं याद येत नाय. पण हल्ली काय ध्यानातच राहत नाय. परवा गॅस तसाच चालू ठेवला, प्रकाश लई वरडला. म्हणून इचारते. म्हणले असंन का मी?’

इथवर मी एक वाक्य लपवले होते. अजून ते परत घेता येत होते. त्या माझ्यावर रोषही फार काळ धरणाऱ्या नव्हत्या. फार तर चार दिवस टोमणे ऐकावे लागले असते. मी काय म्हणाले?

‘असेल, काकू. थट्टेत म्हणाल्या असाल.’

त्यांनी मान हलवली. ‘मग म्हणलेच असंन. तुमी कशाला खोटं बोलताल?’

वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालणे ही लेखकाची लबाडी झाली. पण एका म्हाताऱ्या बाईची स्वतःच्या स्मरणावरची पकड सुटत असताना, त्या सैल जागी आपले पाप ठेवून देणे, याला काय म्हणावे? मला शब्द सापडलेला नाही. माझा शब्दसंग्रह वाईट नाही.

काकूंना चैन पडेना. इद्रिसची माफी मागायची, असे त्यांनी ठरवले. प्रकाश पाळीवर गेलेला, त्यांना व्हिडिओचा फोन लावता येत नाही, म्हणून त्या माझ्याकडेच आल्या. मी फोन लावून दिला. हात थरथरतो म्हणून फोन मलाच धरायला सांगितला. मी बाजूला उभी राहून तो त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. मला इद्रिस दिसत होता. त्याला फक्त काकू दिसत होत्या.

‘बाबा, जेवलास का? वाळलास रं लई.’ मग एकदम, न थांबता: ‘म्या तुला वंगाळ बोलले व्हते. रंगावरून. मला याद नाय पण बोलले. म्हातारीला माफ कर बाबा.’

त्याच्या कपाळावर आठी पडली. ‘तुम्ही नव्हत्या म्हणाल्या, मावशी.’

‘असू दे रं. तुझं मन मोठं हाय.’

‘नाही मावशी, खरंच. तुम्ही मला खोली दिली.’ मग त्याने विचारले, ‘फोन कुणी धरलाय?’

‘समोरच्या मॅडमनं.’

तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, ‘त्यांना विचारा, मावशी. त्यांना माहीत आहे.’

काकूंनी माझ्याकडे पाहिले. ‘काय म्हणतंय हे?’

प्रत्येक शब्द मला स्पष्ट ऐकू आला होता. मी म्हणाले, ‘आवाज तुटतो आहे, काकू.’

‘आरं मोठ्यानं बोल!’ काकू फोनवर ओरडल्या. ‘मॅडमला ऐकू येईना!’

पडद्यावर तो तसाच बसून होता. मी फोन हलू दिला नाही. शेवटी तो अगदी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, ‘काही नाही, मावशी. माफ केलं.’

काकूंनी डोळे पुसले आणि पडद्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली. नंतर माझ्याकडे चहा घेतला. माझ्या हातचा चहा त्यांना कधी आवडत नाही. त्या दिवशी आवडला म्हणाल्या.

लघुपट अजूनही अधूनमधून कुठेतरी दाखवला जातो. मला बोलावतात, मी जाते. त्या प्रश्नाचे उत्तर आता मी न अडखळता देते.

काकू उंबऱ्यात बसतात, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत नाहीत. मागल्या अंगाची खोली रिकामी आहे. या वर्षी दोन परदेशी मुले कोणाच्या सांगण्यावरून तिथे आली होती. मी माझ्या फाटकाशी झाडांना पाणी घालत होते. काकू त्यांना बसाही म्हणाल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, ‘नको रं बाबांनो. माझी जीभ चांगली नाय. दुसरीकडं बघा.’ मुलांना मराठी येत नव्हती. ती माझ्याकडे वळली आणि त्या काय म्हणाल्या, असे त्यांनी इंग्रजीत विचारले. खोली गेली आहे, असे मी सांगितले.

हे मी इथे लिहिले आहे. समोर जाऊन सांगितलेले नाही. रस्ता ओलांडायला वेळ लागत नाही. आमच्या गल्लीत हे मासिक फक्त माझ्याकडे येते, आणि लिहायला बसण्यापूर्वी मी त्याचा विचार केला होता.